अकरा तास, चार पूर्णांक एक

पिंजौर
मंगळवार, २८ मे २०२४

अपेक्षा,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल. चौकशी पुरी होईपर्यंत तुमच्या कंपनीतल्या कुणीही माझ्याशी फोनवर, ईमेलवर किंवा मेसेजवर बोलायचं नाही, असं पत्र मला आलंय. तीनदा वाचलं. कागदाच्या चिठ्ठीचा उल्लेख कुठे सापडला नाही. म्हणून हे पाकीट चंडीगडच्या बसमध्ये कंडक्टरकडे देतोय. माझे गॅस्केट आणि बेल्ट तो मनीमाजऱ्यातल्या ज्या स्पेअर पार्टच्या दुकानात ठेवतो, तिथेच हेही ठेवील. तुझ्या खोलीपासून ते दुकान दहा मिनिटांवर आहे. उत्तर तिथेच ठेव.

काय घडलं ते तुला तुमच्या ऑफिसच्या बाजूने कळलं असेल. माझ्या बाजूने असं दिसतं. लसभांडाराच्या शीतखोलीची मशिनं बारा वर्षं मी सांभाळतो. तिथल्या तापमानाचा आकडा गेलं वर्षभर तुमच्या कंपनीचा पडदा दाखवतो. बावीस तारखेला तिथल्या उल्का सिस्टरांनी वरच्या फळीवरचे बारा खोके उघडले, तर बाटल्यांवरचे चौकोन काळवंडलेले. लस तापली की तो चौकोन काळा होतो, हे तुला सांगायला नको. पण तुमच्या छापील नोंदीत खोली महिनाभर थंडगार. मग भांडार चालवणाऱ्या संस्थेने हिशोब सोपा केला: खोली थंड होती, म्हणजे खोके बाहेर राहिले. अठरा तारखेला सकाळी फळ्या हलवायला आत कोण होतं? कृष्णा. किल्ली कुणाकडे? कृष्णाकडे.

कृष्णा माझ्याबरोबर एकोणीस वर्षं आहे. भुसावळहून त्याला मीच आणला. हा माणूस घरचा फ्रिज उघडला तरी दार किती सेकंद उघडं होतं ते मनात मोजतो. तेरा जूनला सुनावणी आहे. दोष सिद्ध झाला तर त्याला चंडीगड-मोहालीच्या या भागात कुठल्याच शीतगृहाच्या दारात कुणी उभं करणार नाही, वर पोलिसांत तक्रार.

आता माझा प्रश्न. नोटिशीबरोबर तुमच्या नोंदीची प्रत आली. शनिवार, अठरा मे, दुपारी दोन दहापासून रात्री एक दहापर्यंत दर मिनिटाला एकच आकडा आहे. ४.१. अकरा तास ४.१. मी मशिनं कानाने ओळखत आलोय. कॉम्प्रेसर चालू होतो, खोली थंड होते, तो थांबतो, खोली थोडी चढते. साडेतीन, चार, पाच, परत साडेतीन. शीतखोली श्वास घेते, बाई. अकरा तास श्वास न घेणारी शीतखोली मी पाहिलेली नाही.

हे काय आहे ते मला सांग. सोप्या भाषेत.

नरेंद्रमामा

———

मनीमाजरा
३० मे

मामा,

पाकीट मिळालं. दुकानदार म्हणाला, बहेनजी, इसमें गॅस्केट तो नहीं लग रहा. असं लिहिणं मला थोडं भीतीचं वाटतंय, तरी लिहिते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खोलीतला सेन्सर दर मिनिटाला आकडा पाठवतो. पडदा बघणारे बरेच असतात: सिस्टर, संस्थेचं ऑफिस, तुमचं वर्कशॉप. प्रत्येकाने प्रत्येक वेळी मूळ ठिकाणी जाऊन आकडा मागितला तर सिस्टिम हळू होते. म्हणून शेवटचा आलेला आकडा एका जवळच्या जागी ठेवतात आणि सगळ्यांना तोच दाखवतात. याला कॅशे म्हणतात. यात चुकीचं काही नाही. सगळेच करतात. चांगल्या कामाची ती खूण मानतात.

आकडा सारखाच का, याची बरीच कारणं असू शकतात. शनिवारी दुपारनंतर भांडार बंद असतं, दार उघडत नाही. त्यामुळे तापमान स्थिर राहिलं असेल. टीम बघतेय.

एक सांगू का? हर्षवर्धन सर, म्हणजे आमचे प्रोजेक्टचे प्रमुख, त्यांचं संस्थेशी बोलणं झालंय. कृष्णाकाकांनी खोके बाहेर राहिले असं लिहून दिलं, तर पोलिसांचं काही होणार नाही, ताकीद देऊन मिटवतील. मला वाटतं तेच बरं. माणसाकडून चूक होते. सगळ्यांचं त्यात भलं आहे.

मामींना नमस्कार.

अपेक्षा

———

पिंजौर
रविवार, २ जून

अपेक्षा,

कॅशे समजलं. माझ्या वर्कशॉपमध्येही आहे. रोज लागणारे पाने आणि नट मी टेबलावरच्या ट्रेत ठेवतो, दर वेळी गोडाऊनमध्ये जात नाही. पण ट्रेत ठेवलेली वस्तू जुनी झाली की ती काढतो कोण आणि कधी, हेही ठरलेलं असतं. दुधाच्या पिशवीवरसुद्धा तारीख छापतात. तुमच्या त्या जवळच्या जागी आकडा किती वेळ खरा मानायचा, हे कुणीतरी ठरवलंच असणार. तू नेमकं तेवढंच लिहिलं नाहीस.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, तुझ्या मामीला ऐकवलं. एरवी दर मेसेजमध्ये तू मेसच्या राजम्याला शिव्या घालतेस. या वेळी राजमा नाही, ऊन नाही, ऑफिसातल्या एसीची तक्रार नाही. शेजारी वकील बसवून लिहिल्यासारखं पत्र आहे.

मी इकडे गप्प बसलेलो नाही. परवा भांडारावर गेलो. आत जाऊ देत नाहीत, म्हणून पहारेकऱ्याबरोबर झाडाखाली बसलो. तो ड्यूटीबद्दल कुरकुरत होता. बोलता बोलता म्हणाला, अठरा तारखेच्या शनिवारी तर ठंडा पानी भी नसीब नहीं हुआ, कूलर बंद पड़ा था. मी विचारलं, पंखा? पंखा चालू होता, दिवे चालू होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन फेजपैकी एक गेली होती. दिवे-पंखे दुसऱ्या फेजवर, म्हणून कुणाला कळलं नाही. जनरेटर पूर्ण वीज गेल्याशिवाय उठत नाही. आणि एक फेज गेली की आमचा कॉम्प्रेसर स्वतःला जळू न देण्यासाठी बंद होतो. रात्री एकच्या सुमाराला लाईनमनने फ्यूज बांधला, असं तो म्हणाला. दोन दहा ते एक दहा. बाहेर त्रेचाळीस अंश होते, अपेक्षा. खोली अकरा तास शिजली. वरच्या फळीवरचे बारा खोके आधी गेले, कारण गरम हवा वर जाते.

म्हणजे तो ४.१ मेलेला आकडा होता, आणि कुणीतरी त्याला जिवंत म्हणून उभा ठेवला.

कृष्णाचं सांगतो. तो रोज येतो, स्टुलावर बसतो, काम देऊ नका म्हणतो, माझ्या हातचं नको कुणाला. त्याच्या गल्लीत बातमी गेलीय. इंद्रायणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, दूधवाल्याने तोंडावर विचारलं, बच्चों की दवाई पका दी तेरे आदमी ने? काल तो मला म्हणाला, शेठ, मी सही करून टाकतो, तुमच्यामागची कटकट जाईल. मी कागद हिसकावून घेतला.

आणि त्याने सही केली तर बारा खोके फेकतील आणि बाकीचा साठा चांगला म्हणून बाहेर काढतील. तोही त्याच खोलीत होता.

तू नोकरीला घाबरतेस. मी पिंजौरच्या कारखान्यातली फिटरची नोकरी सोडली तेव्हा खिशात एक पाना आणि एक उधारीचा गॅस सिलिंडर होता. नोकऱ्या मिळतात. त्या पडद्याला मेलेला आकडा धरून ठेवायला कुणी शिकवलं ते सांग.

मामा

———

मनीमाजरा
४ जून

मामा,

मी.

फेब्रुवारीत तो बदल मीच केला. आधी असं होतं की पाच मिनिटं नवा आकडा आला नाही, तर जुना आपोआप रद्द व्हायचा. पडद्यावर रेघ यायची आणि भोंगा वाजायचा. मी ती पाच मिनिटांची मुदत काढून टाकली. नवा आकडा येईपर्यंत जुनाच दाखवायचा. भोंगाही त्याच आकड्यावर चालतो, त्यामुळे तो वाजला नाही. आणि छापील नोंदही मूळ सेन्सरवरून न होता त्याच जागेवरून होते, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. नेटचा डबा त्याच फेजवर आहे. फेज गेली, कॉम्प्रेसर थांबला, त्याच क्षणी सेन्सरचा आवाजही बंद झाला. मी चाचणी घेतली होती ती नेट गेलं आणि वीज आहे अशी. दोन्ही एकदम जातील हा विचार केला नाही.

तेवीस तारखेपासून मला हे माहीत आहे. नोंद बघितल्याबरोबर कळलं.

बाकीच्या साठ्याचं मी पाहिलंय. कारण न देता लिहून दिलं की सगळा साठा तपासणीला पाठवल्याशिवाय एकही बाटली बाहेर जाऊ नये. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाठवला. कुठल्याही बाळाला त्यातलं टोचलेलं नाही. तेवढं तरी माझ्याकडून झालं.

पण सुनावणीत मी हे बोलू शकत नाही. नोकरीसाठी नाही, मामा, शपथेवर सांगते. कारण आहे, आणि ते तुम्ही विचारू नका. तुम्ही शहाणे आहात, कृष्णाकाकांना समजवा. ताकीदच मिळेल. मी त्यांना दुसरीकडे काम बघून देते, मोहालीत माझ्या ओळखी आहेत, पक्कं.

हे पत्र फाडून टाका. चौकशी समितीला दाखवलंत तर परत भरून येणार नाही असं काहीतरी होईल.

अपेक्षा

———

पिंजौर
५ जून

अपेक्षा,

फाडलेलं नाही. तिजोरीत आहे.

एकोणीस वर्षं माझ्यासाठी छतावर चढलेल्या माणसाला तू मोहालीत काम बघून देणार. कसलं? वॉचमनचं?

कारण विचारू नका म्हणतेस. मला विचारायची गरज नाही. तुझ्यासारखी मुलगी आपल्या मनाने असा बदल करत नाही. तुझ्या आईने तुला गणवेशाचं बटण बदलायचं तरी विचारून बदलायला शिकवलंय. कुणीतरी सांगितलं म्हणून तू केलंस, आणि आता त्याला पाठीशी घालतेस. तुझा तो हर्षवर्धन सर. गिऱ्हाईक कुरकुर करतंय, रेघ नको, आकडा दाखव, असं त्याने सांगितलं असणार. आणि आता तोच कृष्णाकडून सही मागतोय. मी असे साहेब पाहिलेत. वरून गोड, खाली दुसऱ्याची मान.

सोमवारी, दहा तारखेला, मी तुझं पत्र समितीच्या हातात देणार आहे. तोंडी नाव तूच घे, म्हणजे निदान तू खरी ठरशील. ज्याने सांगितलं त्याला तिथे उभं राहावं लागेल, मग तो कितीही मोठा असो. यात नातं आणू नकोस, मी आणणार नाही.

नरेंद्र

———

मनीमाजरा
शुक्रवार, ७ जून

मामा,

तुम्ही सोमवारी पत्र देणार, म्हणून आता लिहायलाच हवं. हर्षवर्धन सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं नाव घेऊ नका.

तुम्ही सांगितलंत.

अठरा फेब्रुवारी, रविवार, तुमच्या घरी. त्या आठवड्यात तीनदा भोंगा वाजला होता आणि तिन्ही वेळा खोली ठणठणीत होती, फक्त नेट गेलं होतं. तुम्ही आणि कृष्णाकाका तीनदा पिंजौरहून धावलात. मामी वरण वाढत होत्या. तुम्ही म्हणालात, "अपे, तुझ्या त्या पडद्याला जरा पोच शिकव. आकडा नाही मिळाला तर शेवटचा दाखवत राहा म्हणावं. मशीन माझं आहे, काळजी मी करीन." मी म्हटलं, मामा, असं करत नाहीत. तुम्ही म्हणालात, आधी करून बघ, मग शिकव.

सोमवारी ऑफिसला गेले आणि केलं. आमच्याकडे प्रत्येक बदलाला नोंद असते: कुणी मागितला, का, कुणी तपासला. गिऱ्हाइकाने मागितला असता तर मी नोंद केली असती, चार जणांनी प्रश्न विचारले असते, बहुतेक कुणीतरी अडवलंही असतं. पण घरच्या माणसाने जेवताना सांगितलेल्या कामाची कोण नोंद करतं? मी 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं आणि स्वतःच मंजूर केलं.

सुनावणीत मी बोलले की पहिला प्रश्न हाच येईल, कुणी सांगितलं. संस्थेशी तुमचा जो करार आहे तो मी वाचलाय. धोक्याच्या भोंग्यात देखभाल करणाऱ्याने हात घालायचा नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बारा वर्षांचं काम जाईल, आणि तक्रार झाली तर ती तुमच्यावर होईल. तुम्हाला आठवत नाही, हे पहिल्या पत्रातच कळलं. मग मला वाटलं, कृष्णाकाकांना फक्त ताकीद, तुमचं सगळं उभं आयुष्य. मी तोलून बघितलं. असं तोलायचा मला काही अधिकार नव्हता. लाज वाटते.

आता तुम्हीच ठरवा.

अपेक्षा

———

पिंजौर
रविवार, ९ जून

अपेक्षा,

तुझं पत्र वाचून पहिलं मनात आलं ते हे की पोरगी अंगावर आल्यावर खोटं बोलायला लागली. तुझ्या मामीला, लीनाला, तसं म्हणालोही. ती भेंडी चिरत होती. तिने सुरी न थांबवता सांगितलं, "तुम्ही म्हणालात. वर असंही म्हणालात की शिकलेल्या लोकांना साध्या गोष्टी सुचत नाहीत." मग म्हणाली, वरण गार झालं होतं, ते तुम्ही परत पाठवलंत.

वरणाचं मला आठवलं. मग बाकीचंही आठवायला लागलं, पण हळूहळू, नको असल्यासारखं. मी तुला खोटं सांगत नाही, मला खरंच आठवत नव्हतं. पण हेही खरं की विसरणं माझ्या सोयीचं होतं. मी पहारेकऱ्याची कुरकुर ऐकून फेज शोधून काढली, तुझ्या पत्रात नसलेला राजमा हेरला, आणि माझं स्वतःचं वाक्य मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

तू मला वाचवायला निघालीस आणि त्यासाठी कृष्णाला बुडवायला तयार झालीस. ते मी विसरणार नाही, आणि चांगल्या अर्थाने नाही. पण त्या रविवारी तुला बोलू न देणारा मीच होतो, तेव्हा फार बोलत नाही.

आता ऐक. तेरा तारखेला आपण दोघांनी एकमेकांना वाचवायचं नाही. मी सगळं माझ्यावर घेऊ लागलो तर तू मध्ये बोल. तू घेऊ लागलीस तर मी बोलेन. तू तुझ्या हाताने जे केलंस तेवढं सांगायचं: मुदत काढली, नोंद केली नाही, तेवीस तारखेपासून गप्प राहिलीस. मी माझ्या तोंडाने जे केलं ते सांगेन. मोजून तेवढंच. तुझ्या हर्षवर्धन सरांना मात्र सुनावणीआधी तू स्वतः सांग, उद्याच. त्यांना तिथे सगळ्यांसमोर कळू नये. मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही म्हणालो होतो, ते परत घेतो.

दहा तारखेला जाणार नाही. तुझं पत्र तिजोरीतच राहील.

कृष्णाला अजून सांगितलेलं नाही. समोर बसलाय, स्टुलावर. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहा मागवला.

मामा

———

पिंजौर
सोमवार, १७ जून

अपेक्षा,

फोनवरची बंदी उठली तरी कागदावरच लिहितोय. हे मला फोनवर सांगता आलं नसतं.

सुनावणीच्या खोलीत काय झालं ते तू पाहिलंसच. समितीने कृष्णाचं नाव खोडलं, माझा करार महिनाअखेरपासून संपला, तुला कंपनीने त्या कामावरून काढलं पण घरी पाठवलं नाही. तुमच्या सरांनी कमी बोलून बरंच सावरलं. पाच मिनिटांची मुदत परत बसली आणि नेटच्या डब्याला वेगळी बॅटरी आली, असं उल्का सिस्टर सांगत होत्या. तू बोलताना एकदा थांबलीस तेव्हा मला वाटलं आता ही मामाला सोडवणार. सोडवलं नाहीस. बरं केलंस.

तू गेल्यावर मी आणि कृष्णा बसस्टँडपर्यंत चालत आलो. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं होतं, तेव्हा तो फक्त मान हलवत राहिला होता. त्या मान हलवण्याचा मी अर्थ लावला होता की त्याला धक्का बसला. वाटेत म्हणाला, "शेठ, मला माहीत होतं."

त्या रविवारी तो पण जेवायला होता. माझ्या डाव्या हाताला. तू ते लिहिलं नाहीस, आणि मला आठवलं नाही. नोटीस आली त्याच दिवशी त्याला कळलं होतं की हे कुठून आलं. म्हणून तो सही करायला निघाला होता. मी कागद हिसकावला, मोठी भाषणं केली, त्याच्यासमोर तुझ्या साहेबाला शिव्या घातल्या, आणि तो स्टुलावर बसून ते ऐकत राहिला.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, फेब्रुवारीतच बोललो होतो. जेवून हात धुताना म्हणालो होतो की शेठ, भोंगा वाजलेला परवडतो. तुम्ही टॉवेल मागितलात.

मी माफी मागितली. त्याने ती घेतली नाही. नाकारलीही नाही. म्हणाला, मला माफी कुठे ठेवू, घर लहान आहे. समितीचा कागद मिळाला, पण तो कागद आमच्या गल्लीत कोण वाचणार? त्यांनी ऐकलंय. ज्यांनी ऐकलं त्यांना ऐकवा. तुमच्या तोंडाने.

आणि त्याने खिशातून चिठ्ठी काढली. इंद्रायणीच्या अक्षरात अकरा नावं होती. दूधवाला, घरमालक, मुलीच्या शाळेतल्या बाई, कालका गावातले तिचे दीर, असे सगळे.

काल सकाळी गेलो. पहिलं घर घरमालकांचं. ते निवृत्त मास्तर आहेत, सगळे त्यांना मास्टरजी म्हणतात. त्यांचा नातू अंगणात पाण्याची बादली उपडी करत होता. मास्टरजींनी खुर्ची दिली, मी बसलो नाही. सांगायला सुरुवात केली ती फेजपासून, कॉम्प्रेसर, नेट, पडदा, आकडा. बरंच सांगितलं. माझी हिंदी एरवी बरी चालते, काल अडखळत होती. मास्टरजी शांतपणे ऐकत होते. कृष्णा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता.

माझं संपल्यावर मास्टरजी म्हणाले, "ये सब तो ठीक है जी. गलती किसकी थी?"

मी म्हणालो, "मेरी."

त्यांनी कृष्णाकडे पाहिलं. मग आत हाक मारून दोन ग्लास लस्सी मागवली. पहिला ग्लास कृष्णाला दिला.

बाहेर आलो तर अकरा वाजायला आले होते आणि ऊन चटका देत होतं. मला वाटलं, आज एवढं पुरे, बाकीचे उद्या. तसं म्हणायच्या बेतात होतो. कृष्णाने चिठ्ठी उघडून पुढचं नाव बघितलं आणि गल्लीत चालायला लागला. मी त्याच्या मागे गेलो.

मामा